परत वाच

किलागेटला टेम्पोतून उतरून किल्ल्याकडे तोंड केलं, की वर मानमंदिराची निळ्या नक्षीची भिंत दिसते. पाठ केली की हजिऱ्याकडची वर्दळ. आमचं घर त्या वर्दळीच्या बाजूला, एका गल्लीत होतं. ग्वाल्हेरची मराठी वस्ती बहुतेक लष्कर भागात. जुन्या शहरात, किल्ल्याच्या पायथ्याशी, आमच्यासारखी घरं थोडी. त्यामुळे मराठी बोलणारं माणूस गल्लीत राहायला आलं, की आई त्याला चहाला बोलवायचीच. बाई आमच्या घरी आल्या त्या अशा.

त्या मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. संस्थानी काळात नर्स म्हणून ग्वाल्हेरला आल्या, इथेच निवृत्त झाल्या, इथेच राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणायची, आम्ही बाई म्हणायचो. दर रविवारी टांगा करून मुरारच्या चर्चला जायच्या. चर्चला त्या 'देऊळ' म्हणत आणि पहिल्यांदा ते ऐकून आई चकित झाली होती. तिथली उपासना हिंदीत चाले. घरी त्या मराठीत वाचायच्या, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तसं तेही थांबलं. तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "तुमचा मुलगा संध्याकाळी अर्धा तास वाचून दाखवील का? पंचवीस पैसे देईन."

मी तेरा वर्षांचा होतो. पवित्र शास्त्राशी माझा संबंध पंचवीस पैशांसाठी आला, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या पैशांची मी हजिऱ्याच्या कोपऱ्यावर कचोरी खायचो.

बाईंकडे दोन प्रती होत्या. एक बायबल सोसायटीची. दुसरी जाड, पिवळी पडलेली, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलेल्या भाषांतराची. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. ती प्रत बाई हाताळायला देत नसत, फक्त अडलं की बाजूला उघडून ठेवायला सांगत. माझं मराठी हिंदीत भिजलेलं. मी 'फळ'चं 'फल' करायचो, 'पश्चात्ताप'मधला एक 'त' गिळायचो. बाई डोळे मिटून ऐकत असायच्या आणि चुकलं की रागवायच्या नाहीत, एवढंच म्हणायच्या, "परत वाच." हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकले असतील. सुरुवातीला ते उच्चारासाठी असायचे. पुढे कशासाठी असायचे, ते कळायला मला दहा वर्षं लागली.

निर्गमाच्या पुस्तकात मी पहिल्यांदा अडलो. मिसरचा राजा फारो इस्राएल लोकांना गुलामीतून सोडत नाही, म्हणून देव एकामागून एक पीडा पाठवतो. पण देवानेच मोशेला आधी सांगून ठेवलेलं असतं, की मी फारोचं मन कठीण करीन. मी वाचता वाचता थांबलो आणि म्हटलं, "बाई, हे तर खोटं झालं. मन यानेच कठीण करायचं आणि मार फारोने खायचा?"

मला वाटलं होतं, बाई चिडतील. त्यांनी मला मागची पानं पुन्हा वाचायला लावली, एकेक पीडा, आणि मन कठीण झाल्याचं कुठे कसं लिहिलंय ते पेन्सिलीने खूण करायला सांगितलं. पहिल्या पाच पीडांमध्ये कुठे फारोचं मन कठीण झालं असं आहे, कुठे त्याने स्वतःच ते कठीण केलं असं आहे. देवाने कठीण केलं, असं घडलेली गोष्ट म्हणून येतं ते सहाव्या पीडेला, अंगावर गळवं उठतात तेव्हा. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, गारा थांबल्यावर, पुन्हा फारो आपलं मन आपणच कठीण करतो. बाई म्हणाल्या, "आपल्या गल्लीतल्या त्या पाथरवटाचे हात बघितलेस? घट्टे त्याने स्वतः पाडले. आता काढीन म्हटलं तर निघतील का?" मी विचारलं, "म्हणजे देवाने काही केलं नाही?" तर म्हणाल्या, "तसं कुठे लिहिलंय? दोन्ही लिहिलंय. तू एकच वाचलंस."

मला ते उत्तर पळवाटेचं वाटलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते कारकून माणूस, रोज गीतेचा एक अध्याय म्हणणारे. त्यांनी हसून 'प्रारब्ध' हा एकच शब्द उच्चारला आणि पेपर वाचायला लागले. आमच्या घरी त्या एका शब्दाने पुष्कळ कामं भागत. भाऊ नापास झाला, प्रारब्ध. छत गळलं, प्रारब्ध. छतावर वेळेत डांबर घातलं नव्हतं, हे कोणी बोलत नसे.

योसेफाची गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. भावांनीच त्याला विकलं, तो परदेशात तुरुंगात पडला, पुढे तिथेच मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. शेवटी योसेफ त्यांना सांगतो, की तुमच्या मनात माझं वाईट करायचं होतं, पण देवाने त्यातूनच पुष्कळांचे जीव वाचवायचं योजलं होतं. शाळेत तेव्हा आम्हाला मोगल शिकवत होते. औरंगजेबाने आपल्या भावाला, मुराद बख्शला, आमच्याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं आणि १६६१ मध्ये तिथेच त्याला मारलं. बाईंच्या दारातून किल्ल्याची कड दिसायची. मी तिकडे बोट दाखवून विचारलं, "मग मुरादला देवाने का नाही सोडवलं? गुरू हरगोविंद सुटले. त्यांच्या अंगरख्याला धरून बावन्न राजे सुटले. मुरादचंच काय वाकडं होतं?"

बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही." मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी पंचवीस पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत, हे आजही नीट सांगता येत नाही.

कॉलेजात गेलो आणि मला वाद घालायचा नाद लागला. देव ठरवतो की माणूस, यावरूनच ऑगस्टीन आणि पेलाजियस पाचव्या शतकात भांडले. कॅल्विन काय म्हणाला, आर्मिनियसने काय फिरवलं. १६१८-१९ साली डॉर्टला धर्मसभा भरवून हॉलंडच्या लोकांनी निकाल कसा लावला. ही नावं ग्रंथालयात बसून पाठ करायची आणि संध्याकाळी बाईंवर सोडायची. त्यांनी ती बहुतेक ऐकलेली होती. त्यांचे वडील नगरकडे खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडणारे. ते म्हणायचे म्हणे, की स्कॉटलंडचे पाद्री याबाबत एक सांगतात आणि मेथडिस्ट दुसरं. पण दुष्काळात दोघंही पाणी वाटायला एकाच आडावर उभे असतात. मला ते उत्तर वाटायचं नाही. मला जिंकायचं होतं.

जिंकायला हत्यार सापडलं ते आपल्याच माणसाचं. नीलकंठशास्त्री गोरे. कोकणस्थ घराणं, जन्म १८२५ चा, आणि तोही आमच्यापासून फार लांब नाही, झाशीजवळच्या काशीपुऱ्यात. वाढले काशीत. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला होता. त्याला गोऱ्यांनी विशीच्या आत-बाहेर असताना 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून संस्कृतातच उत्तर दिलं. त्यातला एक मुद्दा वाचून मी उडालोच. जीव पहिल्यांदाच जन्माला येतो, मागचं कर्म काही नाही, असं ख्रिस्ती म्हणतात. मग एक आंधळा जन्मतो आणि एक राजवाड्यात, हे कोणाच्या माथी? आणि अमुक जीव पाप करणार हे आधीच ठाऊक असताना त्याला निर्माण करून नरकात घालणारा देव दयाळू कसा? माझाच प्रश्न, सव्वाशे वर्षं आधी, एका मराठी माणसाने विचारलेला! पुस्तकाबद्दल वाचलेलं सगळं वहीत उतरवून मी धावत बाईंकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुढचं नाही वाचलंस?" मी वाचलं नव्हतं. मला हवा होता तेवढाच भाग घेऊन मी पळत आलो होतो. बाईंनी सांगितलं, की त्याच गोऱ्यांनी १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढे रमाबाईंच्या मनाला वळण लागलं त्यात त्यांचा वाटा मोठा. माझं तोंड उतरलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "पण तू हरलास असं समजू नकोस. त्यांचे प्रश्न सुटले म्हणून ते आले नाहीत. प्रश्न बरोबर घेऊनच आले." नंतर मी गोऱ्यांविषयी मिळेल ते वाचलं. बाईंचं खरं होतं. शंकांनी त्या माणसाला शेवटपर्यंत सोडलं नाही आणि त्यानेही त्या कधी लपवल्या नाहीत. १८९५ साली ते मुंबईत वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मुंबईतच, ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

टिळकांची गोष्ट तर बाईंच्या घरातलीच. नगरच्या देवळात लहानपणी त्यांनी टिळकांची पदं म्हटलेली. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असताना डब्यातल्या एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "बघा, ठरलेलंच होतं की!" बाई म्हणाल्या, "पुस्तक वाचायचं कष्टाचं काम टिळकांनी केलं ना? आणि लक्ष्मीबाईंचं कोणी गाडीत येऊन सांगितलं होतं?" नवरा बाटला म्हणून ती बाई रडली, भांडली, काही वर्षं वेगळी राहिली, आणि १९०० साली आली ती स्वतःच्या पायांनी.

मग मी शेवटचा बाण काढला. रोमकरांस पत्र, अध्याय नववा. कुंभार आणि मडकं. मडक्याने कुंभाराला जाब विचारायचा नसतो, असं पौल तिथे ठणकावतो. मी म्हटलं, "इथे तर माणसाला जागाच ठेवली नाही." बाईंनी तो अध्याय सुरुवातीपासून वाचायला सांगितला आणि दुसऱ्या ओवीवरच थांबवलं. (बायबलातल्या वाक्यांना त्या 'ओवी' म्हणायच्या.) तिथे पौल आपल्या जातभाईंसाठी मनात सतत सलणाऱ्या दुःखाबद्दल लिहितो. "सगळं ठरलंय म्हणून सुटून बसलेला माणूस असा रडेल का? आता न थांबता दहाव्यात जा." दहाव्याच्या पहिल्याच ओळीत तो त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करताना दिसतो. "नवव्यावर थांबून लोक भांडतात," बाई म्हणाल्या, "पौल तर थांबला नव्हता." मला यावर बोलायला काही सुचलं नाही, पण पटलं असंही नाही. त्या वयात पटण्यापेक्षा सुचण्याचं महत्त्व जास्त असतं.

बाईंचा स्वतःचा आवडता अध्याय वेगळाच होता: प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा. पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, तारू वादळात सापडलंय, चौदा दिवस किनारा नाही. देवदूताने त्याला सांगितलंय, की तारू जाईल पण माणूस एकही मरणार नाही. तो हे सगळ्यांना सांगतोही. आणि मग खलाशी नांगर टाकायच्या निमित्ताने होडी पाण्यात सोडून पळू बघतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला बजावतो, की हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मी म्हटलं, "हे काय? एकदा कोणी मरणार नाही म्हणायचं, आणि एकदा हे गेले तर मराल म्हणायचं?" बाई हसल्या. हा त्यांच्या धंद्याचा अध्याय होता. "पेशंट वाचणार असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं, म्हणून चारचा डोस आम्ही सहाला देत नाही." शिपायांनी होडीचे दोर कापले, पौलाने सगळ्यांना भाकरी खायला लावली, तिथे माणसांचा आकडा दिलाय, दोनशे शहात्तर. बाईंना तो आकडा फार आवडायचा. वॉर्डात रात्री खाटा मोजाव्या लागत, म्हणून असेल.

आता माझ्या चुकीकडे येतो. इतकी वर्षं ती लिहायची टाळली.

बावीस-तेवीस वर्षांचा होतो. एका कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर नवीनच लागलो होतो. महाराष्ट्रात जिला भिशी म्हणतात तिला आमच्याकडे बीसी म्हणतात. गल्लीतल्या वीस घरांची बीसी होती, महिन्याला पन्नास रुपये, म्हणजे दरमहा कोणा एकाला हजार. मी हिशेबातला आणि 'सिस्टरकडे धर्माचं वाचणारा' मुलगा, म्हणून पैसे माझ्याकडे जमा व्हायचे. डिसेंबरची पाळी शेजारच्या काकींची होती. विधवा होत्या, घरोघर जाऊन हातशिलाई करायच्या. लष्करात त्यांनी एक जुनं शिलाई मशीन हेरून ठेवलं होतं.

ग्वाल्हेरचा मेळा तेव्हा तोंडावर आलेला. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा म्हणजे आमच्या गावाचा थंडीतला श्वास. एका मित्राने मेळ्यात घोंगड्यांचं दुकान लावायचं ठरवलं, भांडवल कमी पडत होतं. पंधरा दिवसांत दामदुप्पट, असा त्याचा हिशेब. काकींना मी सांगितलं, की दोन घरांचे पैसे यायचे आहेत, जरा थांबा. आणि हजारातले सहाशे त्याच्या हातावर ठेवले. त्यानंतर मावठ, म्हणजे थंडीतला पाऊस, आला. तीन दिवस धो-धो. तंबू गळला, माल भिजला, मित्र गाव सोडून गेला. काकींचं मशीन दुसऱ्याच कोणी उचललं.

मी बाईंकडे गेलो तो सांत्वन मागायला. चोरी असा शब्द माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी म्हटलं, "बाई, ऐन मेळ्यात पाऊस. काय करणार? नशीबच फुटकं. देवाच्या मनात नव्हतं." सगळी हकीकत मी अशी सांगितली, की तिचा कर्ता पाऊस झाला होता.

बाई काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "लूक काढ. बाविसावा." मी काढला. शेवटचं भोजन. येशू शिष्यांना सांगतोय, की जे ठरलेलं आहे त्याप्रमाणे मनुष्याचा पुत्र जाणारच आहे. परंतु ज्याच्या हातून तो धरून दिला जातो, त्या माणसाची गत वाईट. मी वाचलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. उच्चार चुकलेला नव्हता.

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचताना 'परंतु'वर माझा आवाज अडकला. आणि त्या क्षणी मला आठवलं, की बारा जणांची पैशांची थैली यहूदाकडे असायची. योहानाने ते लिहून ठेवलंय, तो त्यातले पैसे काढायचा हेही लिहिलंय, आणि ते मीच कधीतरी पंचवीस पैसे घेऊन याच खोलीत वाचलेलं. मी पुस्तक मिटलं. पाऊस देवाने पाडला असेल. सहाशे रुपये मी उचलले होते.

त्या संध्याकाळी बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. रात्रपाळीला एक मूल होतं, घटसर्पाचं. दर तासाला बघायचं होतं. आदल्या दोन रात्रीही पाळी झालेली. बाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मूल गेलेलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, हे वाचणार नव्हतंच, तुम्ही जाग्या असतात तरी. "ते मोठे डॉक्टर होते, माझं मन राखायला खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले ते खरं. मी झोपले होते हेही खरं. चाळीस वर्षं झाली, मी एकावर दुसरं घालून ते झाकायचा प्रयत्न केला नाही. शास्त्रानेही केलेला नाही म्हणून मला ते वाचवतं."

बाईंनी मला उपदेश केला असता तर मी बहुधा विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी बीसीतल्या बायकांना बोलावून मी सगळं सांगितलं. कोणी शिव्या दिल्या, कोणी वडिलांकडे गेलं. वडील त्या दिवशी प्रारब्ध म्हणाले नाहीत. बीसी दुसऱ्याकडे गेली, ते योग्यच झालं. दरमहा पन्नास, असे बारा महिने मी काकींना नेऊन दिले. बाराव्या महिन्यात त्यांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "जाने दे बेटा, भगवान की यही मरज़ी थी। उस मशीन से अच्छी मिल गई।" खरोखरच त्यांना नंतर दुसरं, पायाचं मशीन बरं मिळालं होतं.

मी हलका होऊन बाईंकडे गेलो आणि काकी काय म्हणाल्या ते सांगितलं. माझ्या आवाजात सुटल्याचा आनंद असणार. बाई म्हणाल्या, "ते तिने म्हणायचं. तू नाही." मग थोड्या वेळाने, "योसेफाची गोष्ट तुला आवडायची ना? देवाने चांगल्यासाठी योजलं, हे त्यात कोण म्हणतं बघ. विकला गेलेला म्हणतो. विकणारे म्हणत नाहीत. त्यांना तोंडच नाही ते म्हणायला."

आजवर या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात मला एवढं उपयोगी काही सापडलेलं नाही. तेच वाक्य एकाच्या तोंडी श्रद्धा असतं आणि दुसऱ्याच्या तोंडी चोरी. नोकरीच्या सगळ्या वर्षांत, फाइल रखडली, कोणाचं पेन्शन अडलं, की 'काय करणार, नशीब' हे माझ्या जिभेवर यायचं आणि बाईंचं 'तू नाही' ऐकू यायचं. प्रत्येक वेळी ऐकलं असा माझा दावा नाही.

मी ख्रिस्ती झालो नाही. बाईंनी कधी विचारलं नाही. त्या माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं ओझं कधी वाटलं नाही. पण त्यांच्याकडून लागलेली वाचायची सवय घरातही शिरली. वडील आजारी पडले तेव्हा मी त्यांना गीतेचा अठरावा अध्याय वाचून दाखवत होतो. लहानपणापासून कानावरून गेलेला अध्याय. त्यात कृष्ण सांगतो, की ईश्वर सगळ्या भूतांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. आणि दोनच श्लोक पुढे त्याच अर्जुनाला म्हणतो, की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. मी थांबलो आणि ते दोन श्लोक परत वाचले. वडिलांनी डोळे उघडून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, हे आपल्याकडेही आहे." कशाबद्दल म्हणतोय ते त्यांना कळलं असावं. "सिस्टरना सांग," म्हणाले. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुझे वडील रोज म्हणायचे ना? मग इतकी वर्षं तू ऐकत काय होतास?"

बाईंच्या शेवटच्या आजारात गल्लीतल्या बायका पाळीपाळीने त्यांच्याकडे बसायच्या. काकीही बसायच्या. एक रात्र माझ्याकडे आली. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले होते. दाराबाहेर त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, की आता औषधाने फरक पडेल असं काही राहिलेलं नाही. तरी गोळ्या आणि पातळ औषध लिहून दिलं होतं, दर चार तासांनी.

बाईंनी कृत्यांचा सत्ताविसावा मागितला. मी वाचायला लागलो. वादळ आलं, चौदा रात्री गेल्या, दोर कापले गेले, भाकरी मोडली गेली. दोनशे शहात्तरांवर आलो तेव्हा त्यांचे ओठ हलले. आकडा म्हणाल्या असाव्यात. मग झोप लागली. मी शेवटपर्यंत वाचत राहिलो. ज्यांना पोहता येत होतं त्यांनी उड्या मारल्या, बाकीचे फळ्यांवर, तारवाच्या तुकड्यांवर बसून किनाऱ्याला लागले.

नऊचं औषध मी दिलं. त्यांच्या उशाशी नर्सिंगच्या दिवसांतली सवय म्हणून एक वही असायची, वेळ आणि मात्रा लिहायला. तिच्यात लिहिलं. मग शेजारून गजराचं घड्याळ मागून आणलं, पण गजराच्या भरवशावर राहावं असं वाटेना, म्हणून खुर्ची खाटेजवळ ओढली आणि चूळ भरून बसलो. एकला त्यांना हलकेच उठवलं. पाचला उठवलं तेव्हा खिडकीतून किल्ला दिसायला लागला होता. दोन चमचे कष्टाने घशाखाली गेले. वहीत वेळ लिहिली.